पाठकोरे कागद

सुट्टी होती, धुणं भिजत ठेवलं आणि केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालयाच्या साइटवर कैरो गेनिझाचे फोटो बघत बसले. देवाचं नाव असलेला कागद टाकून द्यायचा नाही, म्हणून जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) ज्यू लोक शतकानुशतकं जुने कागद एका खोलीत, म्हणजे गेनिझात, साठवत राहिले. त्यात हिशेब, करारनामे, भांडणंसुद्धा! केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेश्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातले बरेचसे केंब्रिजला नेले. आज त्या संग्रहात सुमारे १,९३,००० तुकडे. प्रत्येकाला नंबर, पुढून-मागून फोटो.

मीही ग्रंथालयात नोंदी करते, पण आमच्या पुस्तकांना निदान मुखपृष्ठ असतं हो. इथे एकाच हस्तलिखिताचं एक पान केंब्रिजला, दुसरं ऑक्सफर्डला.

मग त्या कागदांत बेन यिजू भेटला. मूळचा ट्युनिशियाचा, बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळेची भांडी घडवून घेणारा व्यापारी. एडनचे दोस्त त्याला कोरा कागद भेट पाठवायचे. तरी हा गडी आलेल्या पत्रांच्या मोकळ्या जागेत हिशेब मांडायचा!

आमचे आजोबा लग्नपत्रिकांच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहायचे. तो गठ्ठा आम्ही गेल्या दिवाळीत रद्दीत घातला.

धुणं अजून भिजतंच आहे.