दुप्पट वेगात गायलेलं गाणं: संगम माहुलीचं शूटिंग

आमच्या साताऱ्यातल्या मंडळाच्या हलगी-सनईच्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं, तेव्हा एक चित्र माझ्या मनात पक्कं होतं. ध्रुवपदाला ताई गातायत, पदर आणि पाण्याचे शिंतोडे संथ चाललेत, पण ओठ गाण्याशी तंतोतंत जुळलेत. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथला दगडी घाट त्यासाठी मला केव्हापासून हवा होता.

त्याची रीत अशी: कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, म्हणजे ५० चित्रांवर ठेवायचा, स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावायचं आणि गायिकेनं त्याच वेगात म्हणायचं. ते चित्रण एडिटिंगमध्ये २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं चालवलं की ओठ मूळ गाण्यावर येतात, बाकी सगळं स्लो मोशन. वेग वाढवला की आवाज चिरका होतो, म्हणून पट्टी कायम ठेवून फाइल काढली. सुरुवातीला चार ठोके जोडले, नाहीतर उचल कुठून करायची ते कळत नाही. ताईंनी घरी फोनवर सराव केला होता. मी एवढंच म्हणालो, "ताई, नुसते ओठ नका हलवू, मोठ्यानं गा." गळ्याची शीर हलली नाही तर प्रेक्षकाला लगेच कळतं.

हलगीवाले अण्णा मात्र दुप्पट वेगाला तयार नव्हते. "वाजवीन की, पण त्यो हात खोटा दिसंल." त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. हलगीची मजा मनगटाच्या झटक्यात आहे, तो संथ केला की जीवच जातो. त्यांचे शॉट मूळ वेगात, २५ फ्रेमवर घेतले. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, १/२०० सेकंद ठेवलं, त्यामुळे टिपरू, म्हणजे हलगीची काठी, पुसट न होता लख्ख दिसलं. शेकोटीवर हलगी तापवतानाचा क्लोजअपही तेव्हाच घेतला. मंडळाच्या खोलीत ट्यूबलाइटखाली मात्र शटर १/१०० वर आणलं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर त्याहून जलद ठेवलं की चित्रात पट्टे फिरतात.

एडिटिंगला बसलो तेव्हा लय कामी आली. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं, म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा, बरोबर १५ फ्रेम. २४ फ्रेमवर हाच हिशेब १४.४ येतो आणि कट हळूहळू सरकायला लागतात. तरी प्रत्येक ठोक्यावर कट मारणं मला मान्य नाही. डोळा थकतो आणि अण्णांचा हात दिसतच नाही. अण्णांचा हात वर जाताना एक शॉट, खाली येताना दुसरा, आणि कट ठोक्याच्या एखाद-दोन फ्रेम आधी. शेवटच्या ध्रुवपदाला ताईंचा शॉट सलग सोळा ठोके, म्हणजे २४० फ्रेम, न तोडता ठेवला. मंडळातल्या पोरांना तो लांब वाटला. मी तो हलवला नाही.