कणकेच्या लाट्या

आज आमचे चिरंजीव स्टँडिंग फ्रेममध्ये (आधाराने उभं राहायची चौकट) पूर्ण २० मिनिटं उभे राहिले! मागच्या आठवड्यात सातव्या मिनिटालाच भोंगा सुरू झाला होता. आज थेरपिस्ट ताईंनी समोरच्या ट्रेवर कणकेचा गोळा ठेवला आणि साहेब लाट्या करण्यात दंग. उजवी मूठ उघडावी म्हणून महिनोन् महिने झटतोय आम्ही, ती आज कणकेसाठी आपणहून उघडली. (त्या कणकेच्या पोळ्या केल्या नाहीत, काळजी नसावी.)

त्याआधीचं स्ट्रेचिंग मात्र नेहमीसारखं रडारडीतच. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माआधी किंवा अगदी तान्हेपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. ही इजा वाढत नाही, पण मुलाची हाडं वाढतात आणि ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. म्हणून पोटऱ्या रोज ताणायच्या, पायात स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारे आधार) घालायचे. मला हे कळतं हो, पाच वर्षांच्या पोराला काय सांगू? तो माझ्याकडे असा बघतो, की मीच व्हिलन.

परत येताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्याच. "मग, चालणार कधी?"

म्हटलं, "काकू, आज त्याने सहा लाट्या केल्या."

त्यांना काही उमगलं नाही. हा आपला माझ्या कडेवर, बोटांवरची सुकलेली कणीक चाटत.