वेचणीच्या बाया, काळा चहा आणि साखरेची गोळी

कापूस वेचणीचे दिवस. साडेअकराच्या सुमारास चार बाया एकीला ऑटोत घालून आमच्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, कमरेची ओटी अजून कापसानं भरलेली. "ऊन लागलं वो साहेब तिले. कांदा हुंगवला तरी धड बोलत नाई." हात लावला तर अंग थंडगार. ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलेलं, बोटं थरथरत होती आणि धरायला जाणाऱ्याचा हात ती झिडकारत होती. ऊन लागून भान हरपलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. थंड घाम, थरथर, असंबद्ध बोलणं आणि विनाकारण चिडणं एकत्र दिसलं की आधी बोटाची साखर बघायची. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. सत्तरच्या खाली साखर म्हणजे कमीच. ५४ च्याही खाली गेली की मेंदूला इंधन पुरत नाही आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

नाव विचारल्यावर तिनं सांगितलं, घोटभर पाणी नीट गिळलं. म्हणजे तोंडानं साखर देता येणार होती. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी १०८ बोलवायची आणि शिरेतून ग्लुकोज द्यायचं. इथं अर्ध्या ग्लास पाण्यात चहाचे चार सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, विरघळवून पाजली. घड्याळ लावून १५ मिनिटांनी पुन्हा तपासलं: ६३. परत तेवढीच साखर. मग ९२. या वेळी बिस्कीट किंवा चॉकलेट देण्याचा आग्रह सोबतचे हमखास धरतात. त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून आधी साखरपाणी आणि आकडा सत्तरच्या वर गेला की लगेच जेवण. तिच्याच डब्यातली भाकर आणि बेसन तिला खाऊ घातलं.

भान आल्यावर विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लं?"

"चहा पेला न गोळी खाल्ली. न्याहारी कोन करते वो, ऑटो सुटून जाते."

पिशवीतल्या पाकिटावर पाहिलं: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दोन औषधं एकत्र असलेली गोळी. पाकिटावर पेनानं एवढंच लिहिलेलं, 'सकाळी १'. जेवणासोबत, हा शब्द कुणी लिहिला नव्हता. तो असता तर बाई त्या दिवशी शेतात पडली नसती.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही येवो न येवो. रात्रीचं जेवण आठला आणि पुढचा घास एकला, म्हणजे मध्ये सतरा तास. यकृतात साठवलेली साखर साधारण ८० ते १०० ग्रॅम असते, ती सकाळपर्यंत बरीचशी संपत आलेली असते. गोळी न घेणाऱ्या माणसाचं यकृत अशा वेळी नवी साखर तयार करून वेळ निभावून नेतं. म्हणून तिच्याच ओळीत उपाशीपोटी वेचणाऱ्या बाकीच्या बायांना थकवा येतो, डोकं दुखतं, पण त्यांची साखर ४८ वर येत नाही. गोळीनं वाढलेलं इन्सुलिन यकृताचं हेच काम दाबून टाकतं, आणि तिकडे कष्टानं स्नायू साखर ओढत असतात. सकाळी सहाच्या काळ्या चहातले दोन चमचे साखर म्हणजे जेमतेम ३० कॅलरी. वेचणी लागेपर्यंत त्यांचा मागमूसही उरत नाही.

या गोळीचा असर दिवसभर टिकतो. ९२ आकडा बघून घरी पाठवलं असतं, तर दुपारी किंवा रात्री झोपेत साखर पुन्हा उतरू शकली असती. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोललो आणि गाडी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथं रात्रभर ठेवून साखर दर काही तासांनी तपासली आणि मूत्रपिंडाची तपासणीही केली, कारण मूत्रपिंड मंद असेल तर गोळी अंगात जास्त वेळ राहते. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून तिला नुसती मेटफॉर्मिन ठेवली, तीही जेवणानंतर. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. घाबरून स्वतःहून गोळी सोडणारेही पुढं तीनशेची साखर घेऊन येतात.

गोळी बदलली, तरी सतरा तासांचा प्रश्न तिथंच होता, आणि तो गोळी न घेणाऱ्या बायांचाही आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मध्यम कष्टाच्या, ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला २१३० कॅलरी लागतात. हे सगळं एक वाजताच्या डब्यात आणि रात्रीच्या ताटात भरून निघत नाही. त्यात घरातल्या सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उरेल ते बाईचं. भूक मारायला गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. "सकाळी भूकच नाई लागत" असं जी म्हणते, तिला मी आधी खर्रा आणि उठल्याउठल्याचा चहा विचारतो. दोन्ही भूक दाबतात. अशा बाईनं एकदम दोन भाकरी खाव्यात असं म्हणण्यात अर्थ नाही. आठवडाभर अर्धी भाकर खाल्ली तरी पोटाला त्या वेळेची सवय लागू लागते.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे, म्हणून न्याहारी रात्रीच ठरायला हवी. रात्री दोन भाकरी जास्त टाकायच्या. ज्वारीची भाकर कोरडी असते, फडक्यात गुंडाळून सकाळपर्यंत चांगली राहते. सकाळी कुस्करून चमचाभर तेलात कांदा-मिरचीची फोडणी, मूठभर फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, वरून लिंबू. दहा मिनिटांचं काम. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २०० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं, मूठभर दाण्यांत आणखी १५० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं. फोडणीलाही वेळ नसेल तर भाकर, जवसाची चटणी आणि ताक पुरतं. रात्रीचा भात मात्र उघड्यावर ठेवून सकाळी खाऊ नये. उबेत त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष गरम करूनही जात नाही, आणि उलट्या झाल्या की तो दिवस बुडाला.

कण्या आमच्याकडच्या जुन्या बायांना पाठ आहेत, नव्या सुना त्या विसरत चालल्यात याचं वाईट वाटतं. ज्वारी जाडसर भरडायची, एक वाटी कण्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी चार वाट्या पाण्यात मीठ टाकून शिजवायच्या. भिजवल्या नाहीत तर दाणा आत कच्चा राहतो आणि पोट जड होतं. सोबत ताक, तेही नसलं तर मुगाचं वरण. नुसते पोहे बायांना सोपे वाटतात, पण प्रथिनं कमी असल्यानं भूक लवकर लागते. त्यात दाणे आणि मोड आलेली मटकी घातली तर चालतात. आणि चहा खाण्यासोबत नको, तासभर आधी किंवा नंतर. अन्नातलं लोह चहामुळे कमी शोषलं जातं, आणि रक्त कमी असलेल्या बाया आमच्याकडे रोज येतात.

एक सोय वेचणीतच आहे. सकाळी बोंडं दवानं ओली असतात. ओला कापूस वेचला तर गंजीत गरम होतो, पिवळा पडतो, म्हणून दव ओसरेपर्यंत बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून असतात. घरी जमलं नाही तर तिथं खायचं. मुकादमाशी बोललो तेव्हा त्याची एकच अट होती, पाणी जवळ हवं, नाहीतर बाया विहिरीवर जाण्यात वेळ घालवतात. आता कॅन धुऱ्यावरच ठेवतात. साखरेची गोळी घेणारी बाई ती घरीच गिळून निघत नाही, सोबत आणते आणि पहिल्या घासाबरोबर घेते. तिच्या पदराला चार चमचे साखरेची पुडी बांधलेली असते, आणि शेजारच्या ओळीतल्या दोघींना माहीत असतं की हात थरथरले, घाम फुटला तर आधी ती पुडी, मग भाकर, मग आम्हाला फोन. चतुर्थी किंवा एकादशी असेल तर आदल्या दिवशीच विचारायला या, असंही सांगितलंय. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे प्रत्येकीच्या औषधाप्रमाणे वेगळं असतं.