पट्टी

मंगळवार, 18 नोव्हेंबर 2025

यूजीसीच्या नियमानं प्राध्यापकानं आठवड्याला 14 तास शिकवायचं. तेवढेच तास माझे, बाकीचा आठवडा फायलींचा. सकाळी नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जुन्या कार्यशाळेचे फोटो शोधले. सापडले, पण त्यात मी डुलकी घेतोय. तरी लावले. मग पीएच.डी.च्या एका मुलाचं तिसरं प्रकरण. दहापैकी आठ पानं खोडली. बिचारा.

साडेअकराला एम.ए. पहिल्या वर्षाचा तास. विषय किमान किंमत. मागणी-पुरवठ्याचे वक्र काढले, समतोलाच्या वर आडवी रेघ मारली. ती रेघ म्हणजे सोयाबीनचा यंदाचा हमीभाव, क्विंटलला 5328 रुपये. वीस वर्षं हीच आकृती काढतोय, हात आपोआप चालतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही रेघ आमच्या मोंढ्यात न्हाई."

पोरानं खिशातून धान्यबाजारातल्या आडत्याची विक्रीची पट्टी काढली. भाव 3900. त्यातून हमाली, तोलाई वजा.

मी विचारलं, "सरकारी खरेदी केंद्रावर का नाही नेलं?" वर्ग हसला, माझ्यावरच. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. सप्टेंबरच्या पावसात शेंगा पाण्यात होत्या, दाणा डागी झाला. केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. आधी नोंदणी, मग मेसेजची वाट, मग पैशाची. इकडं हरभरा पेरायचाय, बियाणं-खत रोखीनं. त्यात उचल आडत्याकडूनच घेतलेली, माल दुसरीकडं नेणार कसा? पुस्तकातला विक्रेता भाव बघून माल सोडतो किंवा रोखतो. इथं पेरणीच्या आधीच माल बांधला गेलेला. मला हे नवं नव्हतं. वडिलांच्या पट्ट्या लहानपणी मीच वाचून दाखवायचो. फळ्यापर्यंत मात्र त्या कधी आणल्या नाहीत.

अंतर्गत चाचणीचा प्रश्न तिथंच बदलला. 'आकृतीसह स्पष्ट करा' रद्द. प्रत्येकानं घरची एक पट्टी आणायची आणि आकृतीतली रेघ कुठं तुटते ते लिहायचं.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी थांबली. "सर, आमाला जमीन न्हाई. आई सोयाबीन काढायला जाते."

काम उक्तं, म्हणजे एकराला ठरवून, कितीनं घेतलं, किती जणींत वाटलं, विचारलं. तिला सगळं तोंडपाठ. म्हटलं, तेच लिही.

बदललेल्या प्रश्नाला आदर्श उत्तर जोडायचं असतं. रात्रीचे अकरा वाजलेत, अर्धं पान झालंय. पट्टीचं जमलं. तिच्या आईचं उक्तं कुठल्या वक्रावर बसवू, तिथं अडलोय.