पाणीवही, नोंद ४ : हरिश्चंद्रगड, पाचनईची वाट

आधीच्या तीन ट्रेकना नुसती फिल्टरची धार मोजत बसलो होतो. या वेळी एच-टू-एसच्या बाटल्या नेल्या. गावोगावी पिण्याचं पाणी तपासायला वापरतात त्याच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे ठरावीक जिवाणू असले तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, बाटलीतल्या लोहाशी त्याची गाठ पडते आणि पाणी काळं होतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, ओढे अजून वाहते. पहिली बाटली कातळावरून ओढा उतरतो तिथे भरली. पाणी इतकं नितळ की तळाशी खेकडा पाय आखडून बसलेला दिसत होता. दुसरी पठारावर, त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिसरी टाक्यातली. चौथीत घरून आणलेलं उकळलेलं पाणी, तुलनेपुरतं.

गडावर रात्री उब कुठून आणायची? चारही बाटल्या लोकरीच्या मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेतल्या. "अंडी उबवतोयस का?" इति जोडीदार.

सकाळी काहीच नाही. घरी पोचलो, तेव्हा तीस तास होत आले होते आणि ओढ्याच्या दोन्ही बाटल्या दौतीसारख्या काळ्या. टाक्याची करडी, तिचं नक्की काय समजायचं ते ठरेना. उकळलेल्या पाण्याची मात्र बाटलीतल्या औषधाने भरताना झाली होती तशीच पिवळट.

वरचं पाणी स्वच्छ असणार असा माझा पक्का समज होता. पण बाटली भरून मागे वळलो तेव्हाच तो डळमळला होता. वीस पावलांवर शेणाचे पो, त्यापलीकडे कारवीत तंबूवाल्यांचे टिश्यू पेपर. पाऊस पडला की ते सगळं कुठे जाणार?

"गावकरी पितातच की" हेही नेहमीचं. उतरताना एका मामांना विचारलं. ते म्हणाले, "ओढ्याचं नाय पीत आम्ही, त्यात गुरं बसत्यात. कपारीतल्या झऱ्याचं आनतो." इतकी वर्षं हे कुणालाच विचारलं नव्हतं!

एक लक्षात घ्या, बाटली काळी झाली नाही म्हणून पाणी पास होत नाही. कावीळ करणारे विषाणू, जुलाब लावणारा जिआर्डिया हा परजीवी, लेप्टो यातलं काहीच ती पकडत नाही. माझा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया अडवतो, पण हिपॅटायटिस एचा विषाणू त्यातून आरामात निसटतो. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्यावा लागतो, गढूळ पाण्यात तिचा जोर कमी पडतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा दुसरा परजीवी तिला फारसा जुमानत नाही. उकळी सगळ्यांना पुरते. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी खळखळून एक मिनिट बस्स. हिमालयात २,००० मीटरच्या वर गेलात तर तीन. गॅस जळतो, हे मान्य. म्हणून सध्या रात्रीच पंच्यातून गाळून दुसऱ्या दिवसाचं पाणी उकळून ठेवतो.

डिसेंबरात त्याच जागी परत जायचंय. एक बाटली फिल्टरनंतर, एक गोळीनंतर, एक मामांच्या झऱ्याची.

काळ्या बाटल्या ब्लीच घालून मोरीत ओतल्या. सडक्या अंड्यांचा वास दोन दिवस हटला नाही. पुढची तपासणी गॅलरीत करायची, असा घरून हुकूम आहे.