मळभ आलं की

सकाळी खिडकी उघडावी, बाहेर राखाडी उजेड असावा, शेजारच्या काकू गच्चीवरच्या पापडांकडे बघत "काय बाई हे मळभ" म्हणून कुरकुरत असाव्यात आणि मी गुणगुणत चहाचं आधण ठेवावं, हा आमच्याकडचा नेहमीचा देखावा आहे. काकूंच्या पापडांचं मला खरंच वाईट वाटतं. पण त्या दिवशी मला डोळे पूर्ण उघडता येतात, त्याला मी तरी काय करू?

मराठीत मनावर मळभ येतं ते दुःखाचं. हा शब्दप्रयोग ज्याने कुणी पाडला, त्याच्या बुबुळांत रंग भरपूर असणार. माझ्या बुबुळांत तो नाहीच म्हटलं तरी चालेल. मला अल्बिनिझम आहे. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरट, कातडी उन्हात दहा मिनिटांत लालबुंद होणारी. वर्णहीनता असा एक पुस्तकी शब्द आहे, पण त्याच्या शेपटाला लागलेला 'हीन' मला कधीच पटला नाही. त्यापेक्षा गावाकडची 'भुरी' ही हाक परवडली. निदान दुधावरच्या मांजरीला मारल्यासारखी वाटते.

शरीर मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतं, ते माझं शरीर बनवत नाही, एवढीच गोष्ट. आई सावळी, बाबा तिच्याहून दोन पायऱ्या पुढे. दोघांच्याही जनुकांत हा गुण गुपचूप दडून बसलेला होता. अशा जोडप्याच्या दर मुलामागे चारात एक शक्यता असते, तो एक म्हणजे मी. जगात साधारण १७ ते २० हजारांत एखादं माणूस असं जन्मतं. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर बायका आईला विचारायच्या, "दिवस असताना केशराचं दूध किती प्यायलीस गं?" आईचं उत्तर ठरलेलं, "केशर? आमच्याकडे हळदीचे वांधे होते."

लग्नाच्या वयात तर गंमतच झाली. पत्रिकेबरोबर सगळ्यांना 'गोरी' मुलगी हवी असायची. एका घरचे आले, पोहे खाल्ले, आणि मध्यस्थाकरवी निरोप धाडला की गोरी हवी होती, पण एवढी नको. तो 'एवढी' आमच्या घरात कायमचा वस्तीला राहिला. चहात साखर जास्त पडली की बाबा अजूनही कप खाली ठेवून म्हणतात, "गोड हवा होता, पण एवढा नको."

सांगायचं होतं ते सावलीबद्दल. उन्हाशी माझं जमत नाही, त्यामुळे सावलीशी जमलं. आणि लहानपणापासून एकाच गोष्टीचा माग काढत राहिलं की माणूस त्यातला दर्दी होतो. कुठल्या रस्त्याची कुठली कड किती वाजता चालायची, हे मी झोपेत सांगेन. पुण्याहून सकाळच्या गाडीने कोल्हापूरला निघालात तर ड्रायव्हरच्या मागची, उजवी बाजू धरा. ऊन डावीकडून येतं. साताऱ्याच्या आसपास दुपार कलली असेल तर मात्र डावीकडे सरका. कडुलिंबाची सावली चाळणीतून गाळल्यासारखी, ती डोळ्यांना टोचते. वडाची घट्ट. आंब्याची सगळ्यांत गार, पण खाली मुंग्या.

मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्याला महिन्याच्या मध्याला. सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर, सरळ उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी. लोक पोराबाळांना घेऊन बघायला जमतात. मी आजीची लांब दांड्याची काळी छत्री घेऊन जाते. सगळ्या मैदानात त्या दिवशी भोपळ्याएवढी गोल सावली माझ्या एकटीकडे असते आणि एरवी मला हसणारे "जरा सरक ना" करत तिच्यात शिरतात. त्यानंतरची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, म्हणजे भिंतीची सावली चक्क दक्षिणेला पडते. वर्षभर तापणारी आमची दक्षिणेची पायरी तेवढे दिवस बसण्याजोगी होते. शेंगा सोलायला ती माझी जागा.

शिकायला पुण्यात आले तेव्हा आणखी एक सुख कळलं. गावात मी पूर्ण बाह्या, डोक्यावर ओढणी, काळा चष्मा अशी निघाले की पोरं "फॉरेनर, फॉरेनर" करत मागे लागायची. पुण्यात स्वारगेटला उतरले आणि बघते तो काय, स्कूटीवरच्या झाडून सगळ्या मुली माझ्यासारख्याच! तोंडाला स्कार्फ, कोपराच्या वर हातमोजे, सनकोट, गॉगल. आयुष्यात पहिल्यांदा मी गर्दीत हरवले. इतकी खूश झाले की उगाचच दोन सिग्नल चालत गेले.

डोळ्यांचं म्हणाल तर ते सतत हलत असतात. मला जग हलताना दिसत नाही, समोरच्याला माझी बुबुळं हलताना दिसतात. मान थोडी डावीकडे कलती केली की ती बरीच स्थिरावतात, म्हणून मी तशीच बसते, तशीच बोलते. यातून एक अजब लाभ झाला. मान कलती करून बघणारं माणूस फार मन लावून ऐकतंय असं लोकांना वाटतं. ऑफिसात सुनेचं गाऱ्हाणं, जमिनीचा वाद, मोडलेलं लग्न, सगळं माझ्या टेबलाशी येतं. सुरुवातीला मी फक्त नीट दिसावं म्हणून मान वाकवत होते. आता ऐकतेही. सवयच लागली.

चेहरे लांबून ओळखू येत नाहीत, तेव्हा चालीवरून ओळखते. "तुम्हा लोकांचे कान तीक्ष्ण असतात ना?" असं कौतुकाने विचारतात. काही नसतात हो. तुम्ही बघून मोकळे होता, मी लक्ष देते, इतकंच. शाळेत फळा दिसायचा नाही. बाकावरची मैत्रीण तो पुटपुटत वाचायची आणि मी लिहायची. आजही आवर्तसारणी मला तिच्याच आवाजात पाठ आहे, मध्ये मध्ये तिने काढलेल्या सरांच्या नकलांसकट. आता फळ्याच्या जागी एसटीची पाटी असते आणि मैत्रिणीच्या जागी मोबाइलचा कॅमेरा. तो नकला करत नाही.

१३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१५ पासून आमचा दिवस म्हणून ठरवला आहे. तारीख कुणी कशी निवडली असेल ती असो, आमच्याकडे ती नेमकी मिरगात येते. ढग उतरलेले, क्रीमची बाटली हाताशी असली तरी निवांत. माझ्यापुरता तो सणच.

दुसरा सण कोजागिरीचा. पनामाजवळच्या सान ब्लास बेटांवर गुना नावाचे लोक राहतात, त्यांच्यात माझ्यासारखी माणसं पुष्कळ. त्यांना चंद्राची लेकरं म्हणतात. ग्रहण लागलं की बाकीच्यांनी घरात बसायचं आणि चंद्र गिळणाऱ्या राक्षसावर बाण सोडायचा मान फक्त या लेकरांचा. आपल्याकडे "दे दान सुटे गिऱ्हाण" ओरडून भागवतात. हे वाचल्यापासून माझी पौर्णिमेची ऐट जरा वाढली आहे.

गेल्या कोजागिरीला गच्चीवरचे दिवे मालवले तशी सगळ्यांची चाचपडाचाचपड सुरू झाली. कुणाचा पाय पातेल्याला, कुणाला चारोळ्यांची वाटी सापडेना. मी आपली सरळ चालत गेले आणि मसाला दूध ओतायला घेतलं. टिपूर चांदण्यात मला गॉगल लागत नाही, डोळे मिटावे लागत नाहीत.

"तुला चांदण्या दिसतात का गं?" काकूंनी हळूच विचारलं.

"चांदण्या नाही दिसत काकू. शुक्र असला तर तेवढा. चांदणं दिसतं."

काकू थोडा वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला साय नको हां," आणि पेला माझ्या हाताच्या बराच डावीकडे धरला.