शिफारसपत्रात अडकलेलं जहाज

जहाज सुखरूप आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. तिकीट काढून कोणीही तिच्यावर चढू शकतं. तिच्या इकडच्या कागदांपर्यंत पोचायला मात्र ‘मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र’ लागतं. हे लिहायला बसलोय ते त्या पत्रापायी.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. इतिहासाची पदवी नाही, पीएचडी करायची नाही. या जहाजाचं सर्व्हिस बुक मूळ कागदांवरून लावायचं, कुठल्या साली कुठे नेमणूक, कोण कॅप्टन, काय काम, एवढाच नाद.

लंडनची बाजू चटकन झाली. पुतणी तिकडे असते, तिने लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवून रीडर्स तिकीट काढलं आणि लॉगबुकांचे, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीचे, फोटो मोबाइलवर पाठवायला लागली. शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. जहाजांची लॉगबुकं अॅडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, कागदांत ५३ क्रमांकाच्या मालिकेत आहेत, कॅप्टनांची ५१मध्ये. पानावर वाऱ्याची दिशा, वेग, हवामान आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यापासून वाचायला सुरुवात करा, नाहीतर वाऱ्यातच अडकाल.

इकडच्या दफ्तरखान्याचं नाव घेत नाही. फॉर्म एक पानी. त्यात ‘मार्गदर्शकाचे नाव’ असा रकाना.

“गाइड कोण तुमचे?”

“कोणी नाही. मी स्वतःच करतोय.”

“मग कॉलेजचं पत्र आणा, काका.”

कॉलेज म्हणजे जिथून मी बी.कॉम. झालो ते. ऑफिसातल्या बाईंनी आधी बॅच विचारली, मग माजी विद्यार्थी संघाची पावती. ती फाडली. मग कळलं की पत्रावर प्राचार्यांची सही लागते आणि प्राचार्य नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, गडबडीत आहेत. कॉलेजात तेव्हा भिंती रंगवणं चालू होतं, कुंड्या येत होत्या, प्रत्येक टेबलावर फायलींचे गठ्ठे. माझा अर्ज त्यातल्याच एका गठ्ठ्यात गेला. पुढच्या वेळी गेलो तर अर्ज सापडेना, आवक क्रमांक विचारला तर म्हणे, “साध्या अर्जाला आवक देत नाही आम्ही.” दुसरा अर्ज दिला, या वेळी झेरॉक्सवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. बँकेत आयुष्य गेलं, एवढं तर येतं! तुम्हीही हेच करा; शिक्क्याची झेरॉक्स दाखवली की समोरच्याचा आवाज बदलतो.

नॅकची समिती येऊन गेली. मग प्राचार्य रजेवर. मग उपप्राचार्य म्हणाले, हा विषय इतिहास विभागाचा, विभागप्रमुखांचा शेरा हवा. विभागप्रमुख पेपर तपासणीला विद्यापीठात. मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून जहाजाच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्या जहाजाचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून मुंबईला यायचे होते. १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठलं आणि आराखड्यांसकट जहाज संपलं. नवे येईपर्यंत जमशेटजी बोमनजी वाडियांनी वाट बघितली, बांधणी सुरू झाली ती १८१६मध्ये. त्यांचं निदान युद्धाने अडलं होतं.

अखेर पत्र मिळालं. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं झकास. मी घाईने दफ्तरखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. पत्रात लिहिलं होतं, की सदर गृहस्थ ‘श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदराचा’ अभ्यास करीत आहेत. अर्जात मुंबई गोदीतलं जहाज, पत्रात श्रीलंकेतलं बंदर. “विषय जुळत नाही,” साहेब म्हणाले. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. टाइप करणाऱ्याने माझ्या अर्जातला ‘युद्धनौका’ हा शब्द जास्तीचा समजून काढला असावा.

परत कॉलेज. मी इतका तडकलो होतो की जिन्यातच मोठ्याने बोलायला लागलो. ते ऐकून इतिहासाच्या एक तरुण मॅडम बाहेर आल्या, मोबाइलवरचे लॉगबुकाचे फोटो बघितले आणि “सर, तुम्ही मजकूर सांगा, मी टाइप करते,” म्हणाल्या. दुपारच्या आत पत्र हातात. तेव्हा सांगणं एकच: पत्राचा मसुदा स्वतः लिहून न्या, त्यात जहाजाचं नाव, बांधणीचं साल आणि ‘जहाज’ हा शब्द दोनदा घाला.

दफ्तरखान्याच्या आतली मंडळी मात्र चांगली निघाली. शिपाईमामांनीच सांगितलं, की सूची आधी मागा, नुसतं नाव सांगून खंड मिळत नाही. पानं जीर्ण, दोन्ही बाजूंनी शिफॉन चिकटवलेली. शाईने कागद खाल्लाय तिथे अक्षराच्या जागी भोकच. १२ ऑक्टोबर १८१७ला जहाज पाण्यात उतरलं आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई, त्यामुळे त्या आठवड्यांत जहाजापेक्षा दुसरा बाजीराव जास्त भेटतो. मलबारच्या सागवानाबद्दल दोन-तीन पत्रं वाचायला मिळाली. मी ती हाताने उतरवून घेतली, बोटं दुखेपर्यंत.

आधी सांगायचं राहिलं: १८१९ ते १८४५ची लॉगबुकं शोधत बसू नका. जहाज पोर्ट्समथला पोचलं आणि राखीव म्हणून बांधून ठेवलं गेलं. नंतर तोफा २६वर आणल्या आणि खरी नोकरी १८४७ला सुरू झाली: आधी उत्तर अमेरिका-वेस्ट इंडिज, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक, कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन. क्रिमियाचं युद्ध त्यातच येतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्रिंकोमाली चॅनेल आहे, तो या जहाजावरून. म्हणजे शोधताना बंदर, जहाज आणि चॅनेल असे तिघे समोर येतात, कॉलेजच्या टायपिस्टला दोष तरी किती द्यायचा. १८६०नंतर राखीव खलाशांचं प्रशिक्षण, १८९७ला भंगारात विक्री. तिथून व्हीटली कॉब यांनी वाचवलं आणि पुढे नाव बदलून ‘फूड्रॉयंट’ केलं. विसाव्या शतकातलं बहुतेक सगळं त्याच नावाखाली सापडेल. जुनं नाव परत आलं १९९२ला. मी ‘फूड्रॉयंट’ हे नाव आधी टाकलं असतं तर पुतणीच्या बऱ्याच चकरा वाचल्या असत्या, असं तीच म्हणते.

खलाशांची मस्टरं, म्हणजे हजेरीपट, अजून बघायची आहेत. ती ३८ क्रमांकाच्या मालिकेत, लंडनलाच. त्याला शिफारसपत्र लागत नाही.